ट्रॅक्टरचा क्लच आणि डीलरची मजुरी: एस्टिमेट बघून सांगा, बरोबर आहे का?

मुरबाडची_माती
मंडळी, मुंबईत राहून गावची शेती बघणारे इथे बरेच आहेत म्हणून विचारतो. ट्रॅक्टर ४५ एचपी, ड्युअल क्लच, मीटर साधारण २,१०० तास. भरलेली ट्रॉली घेऊन चढावर तिसऱ्या गिअरला इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढत नाही. डीलरने न खोलता एस्टिमेट दिलंय:

क्लच ओव्हरहॉल मजुरी ५,५००
रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं) बदलणे, मजुरी ८००
क्रँकचं मागचं ऑइल सील (इंजिनचं तेल क्लचकडे गळू न देणारं) बदलणे, मजुरी १,२००
शेतावर येणे, जाऊन-येऊन ८० किमी, किमीला १५ प्रमाणे १,२००
यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे मजुरीच १०,२६६.
क्लच सेट, बेअरिंग, सील आणि ट्रान्समिशन ऑइलच्या दोन बादल्या वेगळ्या.

गावातला मिस्त्री ३,००० मागतोय, बिल नाही. चिखलणी तोंडावर आलीय. डीलर जास्त लावतोय का?

बोरिवलीचा_बैल
मुंबईत एसीवाला नुसती बेल वाजवायचे ५०० घेतो. त्या मानाने ट्रॅक्टरवाला संत आहे.

स्पॅनर_चौदा
कंपनी कुठली?

मुरबाडची_माती
नाव घेत नाही. इथेच कुणीतरी डीलरचा मेहुणा निघायचा.

डिझेलदादा
आधी हा आकडा येतो कुठून ते समजून घ्या. डीलर घड्याळ लावून मजुरी घेत नाही. कंपनीने प्रत्येक कामाला ठरावीक वेळ लावून दिलेली असते, तिला वर्कशॉपचा ताशी दर गुणला की मजुरी. फिटरने काम चार तासांत उरकलं काय किंवा दिवस घालवला काय, बिल तेच. यात गिऱ्हाइकाचा फायदाही आहे: गंजलेला बोल्ट तुटला तर तो काढायचा वेळ डीलरच्या अंगावर.

तोटा कुठे होतो ते सांगतो. यादीतल्या प्रत्येक कामाची वेळ 'हे एकटंच काम आहे' असं धरून काढलेली असते. रिलीज बेअरिंग बदलायचं तर ट्रॅक्टर मधून खोलायला लागतो, म्हणून त्यालाही वेळ लावलेली. पण क्लचसाठी तो आधीच खोलला असेल तर बेअरिंग समोर दिसतं, जुनं काढून नवं बसवायचं. त्याचे वेगळे ८०० कशाचे? तीन ओळी घेऊन डीलरकडे जा आणि एवढंच विचारा, की खोलायची मजुरी किती वेळा लावलीत?

कोलम_वाडा
डिझेलदादांशी सहमत, पण सीलच्या बाबतीत नाही. क्रँकच्या मागच्या सीलसाठी फ्लायव्हील (इंजिनच्या मागचं जड चाक, ज्यावर क्लच बसतो) उतरवावं लागतं, ते एकट्याने उचलायचं वजन नाही. पुढे सीलचा हाउसिंग काढा, गॅस्केट खरवडा, नवं सील सरळ बसवा, फ्लायव्हीलचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळा. पाऊण तास ते एक तास सहज जातो. १,२०० जास्त आहेत, पण शून्यही नाही. ५००-६०० रास्त.

डिझेलदादा
मान्य. सीलचे द्या, बेअरिंगचे नको.

पोहे_आणि_पाने
आणि ट्रान्समिशन ऑइलच्या दोन बादल्या कशाला? क्लचसाठी ट्रॅक्टर इंजिन आणि क्लच हाउसिंगच्या मध्ये सुटतो. ती जागा कोरडी असते. ऑइल मागे गिअरबॉक्समध्ये, तिथे हात लावायचा नाही. इनपुट शाफ्टचं सील बदलणार असतील आणि त्या मॉडेलमध्ये ऑइलची पातळी सीलच्या वर येत असेल तर थोडं उतरवावं लागतं. तेही झाकणाच्या स्वच्छ ड्रममध्ये उतरवा, दुधाळ झालेलं नसेल आणि बदलायचे तास भरले नसतील तर तेच परत भरा. ४० लिटर ऑइल ही मजुरीपेक्षा मोठी रक्कम आहे, आणि सगळे मजुरीवर भांडतायत!

लोकल_७_४२
+१. एस्टिमेटमध्ये ऑइल नेहमी शेवटच्या ओळीत असतं, कारण तिथपर्यंत वाचणारा दमलेला असतो.

तीन_बाय_चार
सगळे खोलायच्या गप्पा मारताय. क्लच खरंच गेलाय का ते आधी बघा की. मजुरीतली सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे चुकीचं निदान.

पहिलं, पेडलचा फ्री प्ले. बोटाने दाबत न्या, जिथे कडक लागतं तिथपर्यंत किती मिलिमीटर खाली गेलं ते पट्टीने मोजा. बऱ्याच मॉडेलांत २० ते २५ च्या आसपास असतो, आपल्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या. प्लेट झिजत जाते तसा हा खेळ कमी होतो. तो शून्यावर आला की रिलीज बेअरिंग सतत फिंगरवर (क्लच सोडवणाऱ्या पट्ट्यांवर) टेकून राहतं, क्लच अर्धा दाबल्यासारखा राहतो आणि घसरतो. बाहेरचा लॉकनट सैल करून रॉड फिरवला की दहा मिनिटांत काम होतं. पेडलवर पाय ठेवून चालवायची ड्रायव्हरला सवय असेल तरी हेच होतं, त्याला मात्र पाना चालत नाही.

दुसरं, घसरतोय का याची चाचणी. सपाट जागा, समोर माणूस नको, दोन्ही ब्रेक जोडून दाबलेले, वरचा गिअर, इंजिन मध्यम वेगावर, मग पेडल हळूहळू सोडा. इंजिन बंद पडायला आलं तर मेन प्लेट धरतेय. नुसतं फिरत राहिलं तर घसरतेय. एकदाच करा, पुन्हा पुन्हा केलं तर उरलेली प्लेटही जळेल.

तिसरं, क्लच हाउसिंगच्या तळाला एक भोक असतं, त्यात स्प्लिट पिन लोंबत असते किंवा प्लग असतो. तिथे बोट फिरवून बघा. कोरडी काळी भुकटी आली तर प्लेटचं लायनिंग झिजलंय. तेल आलं तर झिजणं दुय्यम, सील गेलंय.

हे तिन्ही करून इथे लिहा, मग एस्टिमेटवर बोलू.

अंधेरी_अँग्री_मॅन
अमेरिकेत तर शेतकऱ्याला स्वतःचा ट्रॅक्टर दुरुस्त करू देत नाहीत म्हणे. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जॉन डिअरवर यासाठीच खटला भरला. कोलोरॅडोने शेती यंत्रांसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तो २०२४ पासून लागू आहे. आपल्याकडेही ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली होती आणि तिच्या यादीत शेतीची यंत्रं होती. हा मोठा विषय आहे, नुसत्या ८०० रुपयांचा नाही.

पोहे_आणि_पाने
तिथला मुद्दा सॉफ्टवेअरचा आहे. आपल्या ४५ एचपीच्या यांत्रिक पंपवाल्या ट्रॅक्टरला डीलरचा लॅपटॉप लागत नाही, १९चा पाना लागतो.

अंधेरी_अँग्री_मॅन
आज नाही लागत. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-४, म्हणजे धुराचे कडक नियम, लागू झाले. त्यासाठी बहुतेक ठिकाणी कॉमन रेल (डिझेल फवारायची इलेक्ट्रॉनिक पद्धत) आली, सेन्सर आले, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आला. तिथे एरर कोड वाचायचं यंत्र डीलरकडेच. गावचा मिस्त्री इंजेक्टर बदलेल, पण नव्या इंजेक्टरचा कोड ईसीयूत भरायला डीलरच लागेल. मग मजुरी तो म्हणेल ती.

कोलम_वाडा
हा मुद्दा बरोबर आहे. म्हणून इथले बरेच जण ५० च्या खालीच राहतात. भाताच्या खाचरांना त्याहून मोठा लागतोच कुठे?

कुर्ला_सीएसटी_रोड
गाड्यांच्या बाबतीत २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटींचा दंड केला होता, तो अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत म्हणून. ट्रॅक्टर त्यात नव्हते. गाडीवाल्याला निदान आमच्या रस्त्यावर सगळं मिळतं, ट्रॅक्टरवाला आला की दुकानदार नुसता चहा पाजतो.

माल_डबा
मग सुटे भाग मुंबईत घ्यायचेच नाहीत का? नागदेवी स्ट्रीट आपली हाकेवर आहे.

स्पॅनर_चौदा
बेअरिंग आणि ऑइल सील नागदेवीला बिनधास्त घ्या. फक्त 'ट्रॅक्टरचं सील द्या' असं मागू नका, जुन्यावरचा नंबर वाचून जा. सीलवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. बेअरिंगचा नंबर म्हणजे मापच. ६२०३ म्हटलं की आत १७, बाहेर ४०, रुंदी १२ मिमी, जगात कुठेही. पुढे टूआरएस असेल तर दोन्ही बाजूंनी रबरी झाकण. फ्लायव्हीलच्या मधलं पायलट बेअरिंग असं झाकणाचंच घ्या, तिथे नंतर ग्रीस घालायला कुणी जात नाही.

सील कुठल्या रबराचं ते मात्र विचारा. साधं नायट्राइल साधारण १०० अंशांपर्यंतचं. क्रँकच्या मागच्या सीलला इंजिनचं गरम तेल आणि वर क्लचची उष्णता, तिथे कंपनीने व्हायटॉन दिलं असेल तर व्हायटॉनच घाला. सीलमध्ये वाचवलेल्या २०० रुपयांसाठी ट्रॅक्टर पुन्हा मधून खोलावा लागतो, म्हणजे ५,५०० परत.

क्लच सेट मात्र ट्रॅक्टरच्याच दुकानात, नाशिकला किंवा डीलरच्या काउंटरवर. जो कारखाना कंपनीला क्लच पुरवतो त्याच्याच नावाच्या खोक्यात तोच माल कमी किमतीला मिळतो.

माल_डबा
आणि तो सेट मालडब्यातून कल्याण, पुढे एसटीने मुरबाड. कंडक्टर विचारतो, 'हे काय?' 'आजारी आहे, दवाखान्यातून आणलंय.'

सीए_डोंबिवली
जीएसटीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, आणि ट्रॅक्टरचे टायर, क्लच असेंब्ली, गिअरबॉक्स, रेडिएटर असे भाग १८ वरून ५ वर. मजुरी १८ वरच आहे. इंजिन ऑइल, बेअरिंगही १८.

म्हणून बिलात भाग आणि मजुरी वेगवेगळ्या ओळींत, वेगवेगळ्या दराने हवेत. दोन्हींची किंमत वेगळी दाखवली असेल तर ज्याचा त्याचा दर लागतो, हे जून २०१८ च्या परिपत्रकातच स्पष्ट केलंय. 'क्लच काम संपूर्ण' असा एकच आकडा लावून वर १८ टक्के घेतले तर १५,००० च्या क्लच सेटवर ७५० ऐवजी २,७०० जातात. शेतकऱ्याला तो कर कुठे वळता करता येत नाही, खिशातूनच जातो.

मुरबाडची_माती
हे माहीत नव्हतं. माझ्या एस्टिमेटमध्ये सेटवर किती लावलाय ते बघतो.

तीन_बाय_चार
भोकात बोट घातलंत का?

लोकल_७_४२
हे वाक्य संदर्भाशिवाय कुणी वाचू नये.

गावचा_मिस्त्री_बरा
एक बाजू राहतेय. ३,००० वाला मिस्त्री हेच काम रोज करतो. डीलरकडे मोठा फिटर एक, बाकी शिकाऊ पोरं. तुमच्या ट्रॅक्टरवर कोण हात मारणार ते डीलर लिहून देतो का? बिनबिलाचं म्हणून नाक मुरडू नका.

डिझेलदादा
मिस्त्री चांगला असेल तर जरूर. सिंगल क्लच असता तर मीही तेच म्हटलं असतं. ड्युअल क्लचमध्ये मेन (चाकांसाठी) आणि पीटीओ (रोटाव्हेटरसारखी अवजारं फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टसाठी) अशा दोन प्लेटा. बसवल्यावर सगळ्या फिंगरची उंची गेजने सारखी करावी लागते. नजरेने केलं की एक फिंगर आधी टेकतं, पेडल थरथरतं, आणि पीटीओ अर्धवट सुटतो, म्हणजे पेडल दाबूनही रोटाव्हेटर फिरत राहतो. गेज आणि प्लेट मधोमध धरायचा डमी शाफ्ट मिस्त्रीकडे आहे का, एवढं विचारा. असेल तर ३,००० द्या, नसेल तर ५,५०० स्वस्त.

काम कुणीही करो, समोर उभं राहून या गोष्टी बघा. खोलण्याआधी पुढच्या अॅक्सलच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकल्या पाहिजेत, नाहीतर सुटलेलं इंजिन अॅक्सलच्या पिनवर कलंडतं. हा माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. दोन्ही भागांखाली पक्के स्टँड, नुसत्या जॅकवर नाही. बॅटरीची वायर आधी काढलेली. प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू कोणती ते लिहिलेलं असतं, उलटी बसली तर सगळं परत. स्प्लाइनवर (प्लेट सरकते त्या शाफ्टच्या खाचांवर) ग्रीसचा पातळ हात, लोंदा नको, तो उडून लायनिंगवर बसतो.

आणि जोडताना सगळ्यात जास्त वाट लागते. इंजिन-हाउसिंगमधली शेवटची बोटभर फट हाताच्या जोरावर मिटली पाहिजे. मिटत नसेल तर फ्लायव्हील किंचित फिरवून स्प्लाइन जुळवा. घाईत बोल्ट आवळून ओढून घेतलं की प्लेटचा हब वाकतो. मग गिअर टाकताना खरखर सुरू होते आणि दोष नव्या प्लेटला जातो.

कोलम_वाडा
यात फ्लायव्हीलची भर. निळे डाग, केसांसारख्या चिरा किंवा चरे असतील तर लेथवर घासून घ्यावं लागतं. पायरीचं (मधला भाग आणि कड वेगळ्या उंचीवर असलेलं) फ्लायव्हील असेल तर प्लेट घासते तो भाग आणि कव्हर बसतं ती कड, दोन्हीकडून सारखंच काढायचं. लेथवाला फक्त मधला भाग चकचकीत करून देतो, मग दाब कमी पडतो आणि नवा क्लच पहिल्या दिवसापासून घसरतो. लेथच्या कामाची मजुरी एस्टिमेटमध्ये नाही, ती नंतर निघणार हे धरून चाला.

अंधेरी_अँग्री_मॅन
पूर्वी बैल होते तेव्हा ड्युअल क्लच नव्हता.

बोरिवलीचा_बैल
पूर्वी आम्हाला मजुरीही नव्हती. (दिवे घ्या.)

शहापूर_सुनंदा
किमीचे पैसे वाचवायचे तर एक उपाय. आजूबाजूचे दोन-तीन ट्रॅक्टर एकाच दिवशी दाखवा, फेरी वाटून घ्या. आणि पहिल्यांदा फोन करतानाच मॉडेल, चेसिस नंबर, तास आणि लक्षण सांगा. नाहीतर फिटर येतो, बघतो, भाग आणायला जातो, पुन्हा येतो, आणि फेऱ्या दोन लागतात. जॉब कार्डवर 'फेरी एकच' असं आधी लिहून घ्यायचं. जुने काढलेले भागही परत मागायचे, ते तुमचे आहेत.

बिल द्यायलाच नकार दिला तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ती अनुचित व्यापारी प्रथा आहे. हेल्पलाइन १९१५.

पोहे_आणि_पाने
सुनंदाताई, हे वर चिकटवून ठेवायला हवं.

मुरबाडची_माती
आलो. फ्री प्ले २२ मिमी, म्हणजे ठीक. चाचणीत इंजिन फिरतच राहिलं. तळाच्या भोकातून तेल थेंब थेंब येतंय, काळं.

डीलरकडे तिन्ही ओळी घेऊन गेलो. बेअरिंगचे ८०० काढले, सील १,२०० चं ६०० केलं, ऑइलच्या बादल्या काढल्या. फेरी एकच, तेच १,२००. आता ५,५०० + ६०० + १,२०० आणि १८ टक्के धरून ८,६१४. सेटवर ५ टक्के वेगळे लावून देणार. मिस्त्रीकडे गेज नाही, म्हणून डीलरलाच देतोय.

तीन_बाय_चार
काळं म्हणजे इंजिन ऑइल, म्हणजे क्रँकचं मागचंच सील. गिअरबॉक्सचं तेल सोनेरी असतं, वासही वेगळा. तेलाने भिजलेली प्लेट पेट्रोलने धुऊन परत घालू देऊ नका. लायनिंगच्या आत मुरलेलं तेल गरम झालं की बाहेर येतंच.

आता खरा प्रश्न: सील गेलं कशामुळे? २,१०० तासांत वयाने जाऊ शकतं. पण इंजिनचा ब्रीदर (आतला दाब बाहेर सोडणारी वाट) चोंदला असेल तर आतला दाब तेल सीलमधून बाहेर ढकलतो, आणि नवं सीलही तसंच जाईल. ब्रीदरचा पाइप काढून डिझेलने धुवा, पाइपमध्ये कुंभारमाशीचं घर आहे का बघा. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडून धूर जोरात फेकतंय का तेही बघा. फेकत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, मग हे प्रकरण क्लचचं राहत नाही.

स्पॅनर_चौदा
आणि सील काढल्यावर क्रँकच्या फ्लँजवर नख फिरवा. जुन्या सीलच्या ओठाने चर पाडला असेल तर नवं सील त्याच जागी ठोकू नका. हाउसिंगमध्ये जागा असेल तर दीड-दोन मिमी पुढेमागे बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतो. चर खोल असेल तर पातळ स्लीव्ह चढवायची. हे फिटरला आधीच सांगा, एकदा फ्लायव्हील चढलं की कुणी परत उतरवत नाही.

मुरबाडची_माती
ब्रीदर आजच बघायला सांगतो. चिखलणीआधी अजून काही?

कोलम_वाडा
तळाचं तेच भोक. खाचरात उतरण्याआधी त्यात प्लग घट्ट बसवा, नाहीतर चिखलाचं पाणी थेट नव्या क्लचमध्ये. चिखलणी संपली की त्याच दिवशी प्लग काढून स्प्लिट पिन परत लावा. प्लग तसाच राहिला तर पुढच्या वेळी सील गळल्याचं कळणारच नाही, सगळं तेल आतच साठेल.

लोकल_७_४२
म्हणजे पुन्हा भोकावरच आलो.